टोपी, ऐरण आणि आघात : काडतुसात टोपी बसविण्याच्या क्रियेतील सुरक्षिततेचा विचार

१. विषयप्रवेश

दिनांक ८ डिसेंबर २०२३ रोजी दुपारी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीतील तळवडे येथे एका लहान कारखान्याच्या शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत असत. काम करणाऱ्यांत महिलांचा भरणा मोठा होता. सहा कामगार त्याच दिवशी मृत्युमुखी पडले. भाजलेल्यांपैकी अनेकांनी पुढील दिवसांत रुग्णालयात प्राण सोडले आणि मृतांची संख्या दहाच्या वर गेली.

या घटनेकडे रसायनशास्त्राच्या अभ्यासकाने पाहिले असता एक विसंगती प्रथम नजरेत भरते. ज्या मेणबत्तीच्या मिश्रणामुळे हा अनर्थ घडला ती एकेकटी मेणबत्ती लहान मुलासमोर निर्धास्तपणे पेटविली जाते. पदार्थ तोच, त्याचे गुणधर्म तेच. परंतु एकाच्या ठिकाणी शेकडो आले, सुट्या मिश्रणाचा आणि तयार मालाचा साठा माणसांच्या शेजारी आला, की परिणाम केवळ शेकडो पटींनी न वाढता त्याची जातच बदलते. संवेदनशील मिश्रणांच्या सुरक्षिततेचा सारा प्रश्न या विसंगतीत सामावलेला आहे.

हाच प्रश्न अत्यंत लहान आणि म्हणूनच अत्यंत स्पष्ट स्वरूपात पाहावयाचा असेल, तर बंदुकीच्या काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीकडे पाहावे. इंग्रजीत जिला प्रायमर म्हणतात ती ही टोपी होय. अमेरिकेसारख्या देशात हौशी नेमबाज वापरलेल्या पुंगळ्या घरी आणून त्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी भरतात. या कामातील सर्वांत नाजूक पायरी टोपी बसविण्याची. भारतात असे काम परवान्यावाचून करता येत नाही. ते दारूगोळ्याच्या कारखान्यांत चालते. तळवड्याच्या एका बाजूस देहूरोडचा दारूगोळा आगार व आयुध निर्माणी आहे, दुसऱ्या बाजूस पुण्याकडे येताना खडकीचा १८६९ साली स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आहे. म्हणजे ज्या परिसरात ही शेड जळाली त्याच परिसरात संवेदनशील मिश्रणे हाताळण्याची दीडशे वर्षांची परंपराही नांदते आहे. टोपी बसविण्याच्या एका साध्या क्रियेचे पृथक्करण करून त्या परंपरेमागील तर्क स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. रंजकापासून टोपीपर्यंत

दारू पेटविण्यासाठी वेगळी, अधिक चटकन पेटणारी दारू वापरावी ही कल्पना जुनी आहे. मराठी तोफखान्यात तोफेच्या कानात जी बारीक दारू घालीत तिला रंजक हा शब्द होता, आणि रंजकाला बत्ती लागली की आतील बार उडे. रंजक उघडे असल्यामुळे पावसात भिजे, वाऱ्याने उडे, आणि त्याला अग्नी बाहेरून आणावा लागे. चकमकीच्या बंदुकीत अग्नी बंदुकीतच निर्माण होऊ लागला. परंतु रंजक उघडे ते उघडेच राहिले.

१८०० साली एडवर्ड हॉवर्ड याने पाऱ्याच्या फल्मिनेटचे वर्णन प्रसिद्ध केले. हा पदार्थ ठिणगीशिवाय, नुसत्या ठोक्याने उडतो. स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या रंजकाचे एकस्व घेतले. पुढील दोन दशकांत असे रंजक तांब्याच्या इवल्याशा वाटीत बंद करण्याची युक्ती रूढ झाली, आणि टोपीची बंदूक अस्तित्वात आली. कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका याच वंशातील होत. नळीत दारू ओतणे, वर ठासणी चालविणे, छरे भरणे आणि सर्व झाल्यावर शेवटी निपलवर टोपी चढविणे, हा त्यांचा क्रम. टोपी सर्वांत शेवटी येते यात एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. त्याचा विचार पुढे येईल.

१८६६ च्या सुमारास टोपी काडतुसाच्या बुडातच बसू लागली. अमेरिकेतील हायरम बर्डन याने टोपीखालची ऐरण पुंगळीतच घडविली. इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर याने ती टोपीच्या आत बसविली. गंमत अशी की, बॉक्सरची पद्धत पुढे अमेरिकेत आणि बर्डनची युरोपात अधिक रुजली. बॉक्सरच्या रचनेत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. आतून सळई घालून जुनी टोपी बाहेर ढकलता येते. घरगुती पुनर्भरणाची प्रथा अमेरिकेतच का फोफावली याचे एक यांत्रिक कारण येथे सापडते.

३. टोपीची रचना

टोपीचे भाग तीन. पहिला भाग पितळेची किंवा तत्सम मिश्रधातूची वाटी. दुसरा भाग तिच्या तळाशी दाबलेली संवेदनशील मिश्रणाची चकती. तिचे वजन काही दशक मिलिग्रॅमांपलीकडे सहसा जात नाही. तिसरा भाग चकतीवर बसविलेली दोन किंवा तीन पायांची धातूची ऐरण. फायरिंग पिन वाटीच्या पाठीवर आदळते, वाटी आत दबते, आणि चकती पिन व ऐरण यांच्यामध्ये चिरडली जाते. निघालेली ज्वाळा ऐरणीच्या पायांमधून वाट काढीत बुडाच्या छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते.

फल्मिनेटचा काळ आता मागे पडला आहे. त्यासोबत वापरल्या जाणाऱ्या क्लोरेटमुळे नळी गंजत असे. १९२० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत लेड स्टिफ्नेटवर आधारलेली, न गंजविणारी मिश्रणे पुढे आली आणि हळूहळू सर्वत्र पसरली. अशा मिश्रणातील प्रत्येक घटकाचे काम ठरलेले असते. एक घटक आरंभ करतो, दुसरा त्याची संवेदनशीलता वाढवितो, तिसरा ऑक्सिजन पुरवितो, आणि अँटिमनी सल्फाइडसारखा चौथा घटक इंधन म्हणून जळता जळता आपल्या कठीण कणांनी घर्षणही घडवितो. हे मिश्रण संवेदनशील ‘असावे’ अशीच त्याची रचना असते. जो पदार्थ ठोक्याने उडत नाही तो टोपीच्या कामाचा नाही. त्यामुळे येथे सुरक्षितता पदार्थाकडून मागता येत नाही. ती मांडणीतूनच मिळवावी लागते.

४. ठोका आणि दाब यांतील भेद

टोपी बसविताना तिच्या पाठीवर दाब द्यावाच लागतो. कोंदणाचा व्यास टोपीच्या व्यासाहून किंचित कमी ठेवलेला असतो, म्हणून टोपी घट्ट बसते. लहान टोपीचा व्यास सुमारे ४·४५ मिलिमीटर आणि मोठीचा ५·३३ मिलिमीटर असतो. मग प्रश्न असा की, ज्या टोपीला पिनच्या ठोक्याने उडावयाचे आहे ती दाबयंत्राच्या दाबाने का उडत नाही?

याचे उत्तर उष्णबिंदूंच्या सिद्धांतात आहे. केंब्रिजमधील बाउडन आणि योफे यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की, आघाताची ऊर्जा संपूर्ण पदार्थ समप्रमाणात तापविण्यात खर्च होत असती तर बहुतेक स्फोटके साध्या ठोक्याने उडालीच नसती. ऊर्जा काही सूक्ष्म ठिकाणी एकवटते : कणाकणांतील घर्षणाच्या जागी, अडकून चेपल्या गेलेल्या हवेच्या बुडबुड्यात, किंवा कठीण खड्याच्या टोकाशी. एका मायक्रॉनच्या दशांशापासून दहा मायक्रॉनांपर्यंतच्या आकाराचा असा बिंदू क्षणभर काही शे अंश तापतो आणि तेथून ज्वलन पसरते.

आता या बिंदूला थंड होण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. घन सेंद्रिय पदार्थाची उष्णता-विसरणक्षमता ढोबळमानाने सेकंदाला १०⁻⁷ चौरस मीटर धरली, तर दहा मायक्रॉनांचा बिंदू सुमारे एक मिलिसेकंदात आपली उष्णता आजूबाजूस गमावून बसतो. एक मायक्रॉनाचा बिंदू त्याच्या शतांश काळात. फायरिंग पिन सेकंदास काही मीटर वेगाने येते आणि अर्धा मिलिमीटर आत शिरावयास तिला मिलिसेकंदाच्या एक-दोन दशांशांहून अधिक वेळ लागत नाही. म्हणजे उष्णता पसरण्यापूर्वीच ती निर्माण होऊन चुकते. उलट हाताने चालविलेल्या दाबयंत्राचा दांडा टोपी कोंदणात नेण्यास सेकंदाचा काही दशांश घेतो. पिनच्या मानाने हा काळ हजार पटींहून अधिक आहे. कणाकणांत जी उष्णता निर्माण होते ती तेवढ्यात निघून जाते आणि बिंदू तापतच नाही.

सुरक्षिततेचे पहिले सूत्र यातून निघते : टोपीला जोराइतकेच, किंबहुना जोराहून अधिक, भय वेगाचे असते. अनुभवी कारागीर टोपी ‘ठोकत’ नाही, ‘बसवितो’. तिच्यावर हातोडीचा हलका ठोका मारणारा माणूस आपण थोडाच जोर लावला असे समजतो; प्रत्यक्षात त्याने पिनचेच काम हाती घेतलेले असते.

मात्र या सूत्राला एक अपवाद आहे आणि अपघातांच्या दृष्टीने तो सूत्राहूनही महत्त्वाचा आहे. टोपी तिरपी अडकली, किंवा कोंदणाची कडा टोपीस वाट देईनाशी झाली, की दांड्यावरचा जोर वाढत जातो; पण हालचाल होत नाही. ऊर्जा दांड्यात आणि वाकलेल्या धातूत साठत राहते. मग एका क्षणी अडसर सुटतो आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. हात संथच असतो. टोपी मात्र झटका खाते. त्याच क्षणी वाटीची कडा दुमडून चकती धातूंच्या दोन पृष्ठांमध्ये घासली जाण्याचाही संभव असतो. दाबाचे ठोक्यात रूपांतर होते ते येथे. म्हणून ‘अडली तर जोर लावावा’ ही इतर धातुकामातील सवय या कामात सोडावी लागते. अडली तर थांबावे, एवढाच नियम उरतो.

५. संवेदनशीलतेचे मापन

टोपी कितपत संवेदनशील आहे हे ठरविण्यासाठी ठराविक वजनाची पोलादी गोळी ठराविक उंचीवरून पिनवर टाकतात. लष्करी रायफलीच्या टोपीसाठी प्रचलित असलेल्या एका कसोटीत सुमारे ११२ ग्रॅमची गोळी ३० सेंटिमीटरांवरून पडली की टोपी उडालीच पाहिजे आणि साडेसात सेंटिमीटरांवरून पडली तर उडता कामा नये, अशी अपेक्षा असते. पहिल्या पातनाची ऊर्जा सुमारे एक तृतीयांश जूल, दुसऱ्याची तिच्या एक चतुर्थांश. जमिनीवर पडणाऱ्या किल्ल्यांच्या जुडग्यातही यापेक्षा अधिक ऊर्जा असू शकते. सुदैव एवढेच की ती टोपीच्या नेमक्या मध्यावर एका बारीक टोकाने पोहोचत नाही.

परंतु ‘उडते’ आणि ‘उडत नाही’ यांच्यामध्ये एखादी निश्चित रेषा असते असा समज करून घेणे चूक होय. एकाच घाण्यातील टोप्यांपैकी काही कमी उंचीवरच उडतात, काही अधिक उंचीपर्यंत तग धरतात. शिवाय एकदा तपासलेली टोपी पुन्हा तपासता येत नाही; न उडालेली टोपीही ठोक्याने बदललेली असते. या अडचणीवर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पायऱ्यांची पद्धत निघाली : टोपी उडाली तर पुढील टोपीसाठी उंची एक पायरी खाली, न उडाली तर एक पायरी वर. डिक्सन आणि मूड यांनी १९४८ साली तिचे संख्याशास्त्रीय विवेचन केले. या पद्धतीने सरासरी उंची आणि प्रमाणित विचलन ही दोन्ही मिळतात. सरासरीच्या वर पाच विचलने घेतली की सर्व टोप्या उडाव्यात, आणि सरासरीच्या खाली दोन विचलने घेतली की एकही उडू नये, अशा मर्यादा त्यावरून ठरविण्याचा प्रघात आहे.

या दोन मर्यादा विषम आहेत हे लक्षात घेण्याजोगे आहे. वितरण प्रसामान्य धरले, तर वरच्या मर्यादेवर न उडणाऱ्या टोपीचे प्रमाण तीस लाखांत एकाहूनही कमी येते. खालच्या मर्यादेवर मात्र शंभरात दोनांहून थोड्या अधिक टोप्या उडू शकतात. सैनिकाची बंदूक ऐन वेळी उडालीच पाहिजे, हा आग्रह त्यामागे आहे. टोपी घडविणाराचे पहिले इमान उडण्याशी असते. तेव्हा ‘न उडण्याची मर्यादा’ हा शब्दप्रयोग शब्दशः घेऊन चालत नाही.

६. बसविण्याची रीत आणि तिची कारणे

वरील विवेचनाच्या प्रकाशात टोपी बसविण्याचे प्रचलित नियम पाहिले असता त्यांतील प्रत्येकामागे भौतिक कारण असल्याचे दिसून येते.

टोपी रिकाम्या पुंगळीत बसवितात. ठासणीच्या बंदुकीत टोपी शेवटी येते, काडतुसात ती आधी येते. क्रम उलटा, पण तत्त्व एकच. ज्या क्षणी टोपीवर दाब पडतो त्या क्षणी तिच्यापुढे दारू असता कामा नये, किंवा ज्या क्षणी दारू ठासली जाते त्या क्षणी टोपी तेथे असता कामा नये. रिकाम्या पुंगळीत उडालेली टोपी मोठा आवाज करते, क्वचित डोळ्यास व बोटास इजा करते. दारूवर उडालेली टोपी पुंगळी फोडून तिच्या पितळेचे तुकडे चोहीकडे फेकते.

कोंदण आधी स्वच्छ करावे लागते. जुन्या जळलेल्या थराचे अवशेष तळाशी राहिले, तर ऐरणीचे पाय तळाला टेकत नाहीत. वाळूचा वा काचेचा खडा आत गेला तर धोका निराळाच. बाउडन आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे आढळले की, ज्या खड्याचा विलयबिंदू काही शे अंशांच्या विशिष्ट मर्यादेहून वर आहे तोच खडा स्फोटकास अधिक संवेदनशील करतो. कमी तापमानास वितळणारा खडा, तो कठीण असला तरी, वितळून जातो आणि उष्णबिंदूचे तापमान तेथेच अडते. टेबलावरची साधी धूळ ही सिलिकेटांची असते आणि सिलिकेटांचा विलयबिंदू या मर्यादेच्या फार वर आहे. कार्यशाळेतील झाडलोटीस येथे शिस्तीपेक्षा भौतिकशास्त्राचा आधार आहे.

लष्करी पुंगळ्यांत टोपी हलू नये म्हणून कोंदणाची कडा आत दुमडून पक्की केलेली असते. ही दुमड काढल्यावाचून नवी टोपी दाबली, की वर वर्णिलेला अडकण्याचा प्रसंग हमखास येतो.

टोपी पुंगळीच्या बुडाशी समपातळीत, किंबहुना किंचित आत, बसली पाहिजे. पुनर्भरण करणारे सामान्यतः मिलिमीटराच्या दशांशाच्या आसपास आत बसविण्याचे धोरण ठेवतात. ऐरणीचे पाय तळाला टेकून चकतीवर थोडासा ताण येणे इष्ट असते. टोपी वर राहिली तर दोन परस्परविरोधी दोष संभवतात. पिनचा पहिला ठोका टोपी खाली बसविण्यातच खर्च होतो आणि बार उडत नाही, हा एक. बंदुकीचा पडदा पूर्ण लागण्यापूर्वीच तो वर आलेल्या टोपीवर आदळतो आणि बार अकाली उडतो, हा दुसरा. स्वयंचलित भरणाच्या ज्या रायफलीत पिन मोकळी सरकती असते तेथे या दुसऱ्या दोषाची धास्ती विशेष. म्हणून बसविलेली प्रत्येक टोपी बोटाच्या टोकाने चाचपून पाहण्याची पद्धत आहे. वर राहिलेली टोपी दारू भरल्यानंतर लक्षात आली, तर ती पुन्हा दाबावयाची नसते. ते काडतूस बाजूला काढावयाचे असते.

जिवंत टोपी बाहेर ढकलून काढण्याचा प्रसंग टाळण्याकडेच कल असतो, कारण त्या वेळी सळईचा जोर ऐरणीवर, म्हणजे थेट चकतीच्या दिशेने पडतो. डोळ्यांवर चष्मा, कामाच्या जागी खाणेपिणे वर्ज्य आणि कामानंतर हात धुणे हे नियम शिशाच्या विषारी धुळीमुळेही आवश्यक ठरतात.

७. स्थिर विद्युत

दख्खनच्या पठारावर हिवाळ्याच्या व उन्हाळ्याच्या कोरड्या दुपारी स्थिर विद्युतेचा अनुभव सर्वांना येतो. मानवी शरीराची विद्युत-धारकता सुमारे १५० पिकोफॅरड आणि त्यावरचा विभव १०,००० व्होल्ट धरला, तर साठलेली ऊर्जा साडेसात मिलिजूल येते. कोरडे, उघडे लेड स्टिफ्नेट एका मिलिजूलाहूनही कमी ऊर्जेच्या ठिणगीने पेटू शकते. तयार टोपीत ते धातूच्या वाटीत झाकलेले असल्यामुळे हा धोका पुष्कळच कमी होतो; पण टोप्यांतून झडलेली भुकटी यंत्राच्या नळीत वा तबकात साचली, की झाकण उरत नाही. म्हणून सुती कपडे, भूसंपर्कित यंत्र, ओलसर हवा आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसणे यांवर भर दिला जातो. कृत्रिम धाग्याचे वस्त्र आणि प्लॅस्टिकची खुर्ची या घरातील नित्याच्या वस्तू या कामात मात्र परक्या ठरतात.

८. एक आणि अनेक

येथवर विचार झाला तो एका टोपीचा. एक टोपी उडाली तर बहुधा मनुष्य दचकतो आणि काम पुढे चालू होते. शंभर टोप्या एकमेकींना चिकटून एका नळीत रचलेल्या असतील, तर पहिलीच्या ज्वाळेने व धक्क्याने दुसरी, दुसरीने तिसरी अशी सर्व एकाच क्षणी उडतात, आणि ती नळी बाँबचे रूप घेते. टोप्यांच्या मूळ पेटीत प्रत्येक टोपी स्वतंत्र कप्प्यात ठेवलेली असते, त्याचे कारण हेच. त्या काढून काचेच्या बरणीत एकत्र ओतणे हा या क्षेत्रातील सर्वांत गंभीर प्रमाद मानला जातो. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या प्रमाणकानेही घरातील टोप्यांच्या साठ्यास १०,००० ची मर्यादा घातलेली आहे.

कारखान्याची रीतही याच तर्काने चालते. टोपीचे मिश्रण तेथे ओल्या स्थितीत कालवितात आणि ओले असतानाच वाट्यांत भरतात. ते कोरडे होते ते प्रत्येक वाटीत इवल्याशा अंशाने विभागले गेल्यानंतर. म्हणजे जेथे पदार्थ मोठ्या प्रमाणात एकत्र आहे तेथे तो संवेदनशील नाही, आणि जेथे तो संवेदनशील आहे तेथे तो मोठ्या प्रमाणात एकत्र नाही. या एका वाक्यात टोपीच्या कारखान्याची सुरक्षितता सामावते.

संभाव्यतेचे साधे गणित या रीतीची आवश्यकता पटवून देते. समजा, एका कुशल माणसाच्या हातून टोपी बसविताना ती उडण्याची शक्यता लाखात एक आहे. वर्षाला पाच हजार याप्रमाणे वीस वर्षांत तो एक लाख टोप्या बसवील. या काळात निदान एकदा तरी टोपी उडण्याची शक्यता शेकडा ६३ भरते. कौशल्य वाढवून लाखाचे दहा लाख करता येतील, पण शून्य करता येणार नाही. ‘मी वीस वर्षे हेच करतो आहे, काही झाले नाही’ हा युक्तिवाद या क्षेत्रात सर्वत्र ऐकू येतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्यातून फार तर दुर्घटना वारंवार होत नाही एवढेच सिद्ध होते. म्हणून मांडणी अशी हवी की, ती एक टोपी उडालीच, तर केवळ एकच टोपी उडावी. संभव कमी करणे हे हाताचे काम. परिणामाला मर्यादा घालणे हे मांडणीचे काम.

९. घर, शेड आणि कायदा

स्फोटकांच्या व्यवसायात एक त्रिसूत्री सर्वमान्य आहे : कमीत कमी माणसे, कमीत कमी स्फोटक, कमीत कमी काळ. भारतातील कायद्याची चौकट याच त्रिसूत्रीस शासकीय रूप देते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात ‘दारूगोळा’ या संज्ञेची व्याख्या इतकी व्यापक आहे की, काडतुसाचे भाग आणि ती तयार करण्याची यंत्रसामग्रीही सामान्यतः तीत येते, आणि पाचव्या कलमान्वये परवान्यावाचून दारूगोळ्याची निर्मिती करण्यास मनाई आहे. १८८४ चा स्फोटक अधिनियम आणि त्याखालील २००८ चे नियम यांत स्फोटकांचे वर्ग केलेले आहेत. सहावा वर्ग दारूगोळ्याचा, सातवा शोभेच्या दारूचा. या नियमांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूर येथे आहे. सातव्या वर्गातील मालासाठीही परवाना, इमारतींमधील सुरक्षित अंतर, एका खोलीतील माणसांची व मालाची कमाल संख्या या गोष्टी लागू होतात.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती मात्र या चौकटीला सहज चकविते. तळवडे, चिखली, चाकण या भागांत पत्र्याच्या शेडी भाड्याने मिळतात. आज जेथे यंत्राचे सुटे भाग कापले जातात तेथे उद्या पॅकिंगचे काम चालते, परवा आणखी काही. रोजंदारीवर आलेल्या बाईला समोरच्या पिठुळ मिश्रणाची जात कळण्याचा मार्ग नसतो. मालाचे नाव ‘मेणबत्ती’ असले, की तो स्फोटकांच्या वर्गात मोडतो ही कल्पनाही कुणाच्या मनात येत नाही. टोपीच्या बाबतीत निदान नावच सावध करते. बंदूक आणि काडतूस हे शब्द ऐकून मनुष्य जपून वागतो. ज्या वस्तूचे नाव सौम्य आहे तिच्याबद्दलची सावधगिरी ज्ञानातूनच यावी लागते.

तेथील काम घरकामासारखे, हाताच्या सवयीचे होते : भरणे, चिकटविणे, मोजणे, खोक्यात लावणे. त्या हातांत कौशल्याची उणीव होती असे मानण्यास काहीही आधार नाही. बारीक, चपळ, न थकणारे हात म्हणूनच अशा कामावर बायकांना घेतले जाते. संभाव्यतेच्या गणितात कौशल्याचा वाटा त्यांनी पुरेपूर उचलला असेलही. उरलेला वाटा, म्हणजे एका खोलीत किती माल, किती माणसे, किती दारे आणि मध्ये कोणती भिंत, हा त्यांच्या हाती नव्हता.

१०. समारोप

टोपी बसविण्याच्या क्रियेच्या अभ्यासातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे. संवेदनशील मिश्रणाला वेगवान, एकवटलेल्या ऊर्जेचे भय असते. संथ दाब सुरक्षित असतो, पण अडकलेला दाब ठोका बनू शकतो. संवेदनशीलता हे वितरण आहे, रेषा नव्हे. म्हणून कोणतीही हाताळणी पूर्णतः निर्धोक म्हणता येत नाही. आणि निर्धोक हाताळणी अशक्य असल्यामुळे विभागणी अपरिहार्य ठरते : टोपीपासून टोपी दूर, टोपीपासून दारू दूर, साठ्यापासून माणूस दूर.

विद्यापीठांतील रसायन, भौतिक व संख्याशास्त्र या विभागांना हा विषय आपल्या कक्षेबाहेरचा वाटण्याचे कारण नाही. उष्णबिंदूचे विसरण, पायऱ्यांच्या पद्धतीतील अनुमान, वितरणाच्या टोकाकडील अनिश्चितता हे पदव्युत्तर अभ्यासक्रमातीलच प्रश्न आहेत. फरक एवढाच की, येथे त्यांच्या उत्तरावर माणसांचे जीव अवलंबून असतात. खडकीच्या कारखान्यात एक तर्क दीडशे वर्षांत नियमांच्या रूपाने मुरला. त्याच तर्काची ओळख काही मैलांवरील पत्र्याच्या शेडीत, सोप्या मराठीत, काम सुरू होण्यापूर्वी करून दिली जाणे आवश्यक आहे. एका काचेच्या बरणीत टोप्या का ओतू नयेत हे ज्याला समजले, त्याला एका शेडीत मेणबत्त्यांचे ढीग आणि माणसे एकत्र का असू नयेत हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.